नवा एसएमपीएस बसवला, मशीन मात्र चालू होईना

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका अकाउंटंटच्या ऑफिसातलं हे असेंबल्ड मशीन, म्हणजे सुटे भाग जोडून बनवलेला कॉम्प्युटर. वळवाच्या पावसात वीज तीन-चारदा गेली-आली आणि त्यात जुना ५५० वॅटचा मॉड्युलर एसएमपीएस गेला. एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज कॉम्प्युटरला लागणाऱ्या कमी डीसी व्होल्टेजमध्ये बदलून देणारा डबा, आणि मॉड्युलर म्हणजे ज्याच्या केबल्स सुट्या काढता येतात असा. त्याच्या जागी दुसऱ्या कंपनीचा ६५० वॅटचा सेमी-मॉड्युलर (काही केबल्स कायमच्या, काही सुट्या), कार्यक्षमतेचं ८० प्लस ब्रॉन्झ प्रमाणपत्र असलेला बसवून झाला होता. बटण दाबलं की पंखे अर्धा सेकंद थरथरायचे आणि सगळं बंद. लगेच पुन्हा दाबलं तर तेवढंही नाही. बसवणाऱ्याचं निदान आधीच झालेलं होतं: "सर, नवीन पीसच डेड निघालाय, बदलून आणावा लागेल."

एसएमपीएस बदलल्यावर मशीन चालू झालं नाही की दहातल्या नऊ जणांच्या तोंडी हेच वाक्य असतं. नवा पीस खराब निघत नाही असं नाही, पण तो संशय सगळ्यात शेवटी घ्यावा. आधी भिंतीपासूनची लाइन, मग कनेक्टर, मग आतला एखादा शॉर्ट झालेला भाग, आणि या सगळ्यातून काही निघालं नाही तरच एसएमपीएस. शिवाय इथलं लक्षणच बोलकं होतं. अर्धा सेकंद थरथरून थांबणारा एसएमपीएस मेलेला नसतो. तो चालू होतो, कुठेतरी जास्त करंट ओढला जातोय हे त्याला कळतं आणि तो स्वतःला बंद करून घेतो. एकदा असा ट्रिप झाला की बराचदा मुख्य पुरवठा तोडल्याशिवाय तो पुन्हा उठत नाही, म्हणून दुसऱ्यांदा बटण दाबून काहीच होत नाही. भिंतीवरचं बटण बंद करून, मदरबोर्डवरचा दिवा विझेपर्यंत थांबून मग पुन्हा चालू केलं तेव्हा तीच अर्ध्या सेकंदाची थरथर परत आली. म्हणजे शोधायचं होतं ते एसएमपीएसच्या पुढे, त्याच्या आत नाही.

तरीही सुरुवात भिंतीपासूनच केली. मल्टिमीटर एसी ७५० व्होल्टवर ठेवून सॉकेटमध्ये तीन मापं घ्यायची: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. पहिली दोन २३० च्या आसपास आणि जवळपास सारखी यायला हवीत. तिसरं एक-दोन व्होल्टपर्यंत ठीक. या ऑफिसात तीनही मापं चांगली आली. फेज-अर्थ निम्मंच किंवा सारखं हलताना दिसलं तर अर्थिंग नाही असं समजायचं. नाशिकच्या जमिनीखाली काळा बेसाल्ट आहे, मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा पार कोरडा पडतो, आणि जुन्या वाड्यांत तर कित्येकदा दोनच वायरी असतात. अशा ठिकाणी कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. लोक त्याला एसएमपीएस लीक आहे म्हणतात. खरं तर एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून बॉडीला जोडलेले असतात. अर्थ नसला की बॉडी त्या दोघांच्या मधोमध, साधारण ११५ व्होल्टवर तरंगत राहते. करंट अगदी थोडा असतो, पण अर्थिंग दुरुस्त करून घ्यायलाच हवं, कारण कॅबिनेट अर्थ झालेलं आहे हे गृहीत धरूनच आतली सगळी सुरक्षा बेतलेली असते.

पॉवर कॉर्ड एसएमपीएसमध्ये पूर्ण आत गेली आहे का, मागचं बटण 'एक'च्या बाजूला आहे का, हे बघायला पाच सेकंद पुरतात. कॅबिनेटसोबत मिळणाऱ्या स्वस्त एसएमपीएसला अजूनही कधीकधी ११५/२३० चं लाल सरकबटण असतं. ते २३० वरच हवं. चुकून ११५ वर राहिलं आणि प्लग लावला तर मोठा आवाज होतो आणि खेळ संपतो. अॅक्टिव्ह पीएफसी (येणाऱ्या लहरीच्या आकाराबरोबर करंट ओढणारं सर्किट) असलेल्या नव्या एसएमपीएसला हे बटण नसतं.

आता २४ पिनांचा मोठा कनेक्टर. मीटर डीसी २० व्होल्टवर, काळं टोक कॅबिनेटच्या उघड्या धातूवर. लाल टोक कनेक्टरच्या मागच्या बाजूने, वायर जिथे आत शिरते तिथून पिनेपर्यंत सरकवायचं. कनेक्टर मदरबोर्डवरून काढायचा नाही. मशीन बंद, पण भिंतीवरचं बटण चालू. या अवस्थेत दोनच वायरींवर व्होल्टेज असायला हवं: जांभळी, म्हणजे स्टँडबायचे ५ व्होल्ट, आणि हिरवी, म्हणजे मदरबोर्ड एसएमपीएसला 'चालू हो' सांगतो ती. हल्ली बऱ्याच एसएमपीएसना सगळ्याच वायरी काळ्या येतात, तेव्हा रंगावर विसंबता येत नाही. जांभळी म्हणजे ९ नंबरची पिन. हिरवी म्हणजे १६ नंबरची, क्लिप असलेल्या रांगेत एका टोकापासून चौथी, दोन्ही बाजूंना ग्राउंड. स्टँडबायला त्या रांगेत फक्त तिच्यावरच व्होल्टेज दिसतं, म्हणून मीटरनेही ती ओळखता येते.

इथे जांभळीवर ५.०६ आणि हिरवीवर साधारण ५ होते. मीटर हिरवीवरच ठेवून बटण दाबायला सांगितलं. आकडा झटक्यात शून्याजवळ गेला. या एका मापात बरंच समजतं. समोरचं बटण, त्याची वायर आणि मदरबोर्डचा चालू करण्याचा भाग ठीक आहे. मदरबोर्ड मागतोय, एसएमपीएस देऊन लगेच हात आखडता घेतोय. हिरवी खाली आलीच नसती तर एसएमपीएसला दोष देण्यात अर्थ नव्हता. तेव्हा समोरच्या बटणाची दोन पिनांची वायर निसटली आहे का ते बघायचं, कारण एसएमपीएस बसवताना हाताचा धक्का नेमका त्या कोपऱ्याला लागतो. त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडून बघायच्या. बटणाच्या वायरीला उलटसुलट नसतं, एलईडीच्या वायरींना असतं.

जांभळीवर ५ व्होल्ट नसतील आणि भिंतीतून २३० येत असतील, तर मात्र सगळे कनेक्टर काढून एसएमपीएस एकटा तपासायचा. एकटा असतानाही जांभळी मेलेली असेल तर तो पीस बदलायला न्यावा. आत उघडून बघू नये. मोठ्या कपॅसिटरवर साध्या एसएमपीएसमध्ये सव्वातीनशे आणि पीएफसीवाल्यात ४०० च्या आसपास व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ तसेच राहू शकतात.

पुढची पायरी एसएमपीएस निर्दोष आहे की नाही हे ठरवण्याची. भिंतीवरचं बटण बंद. आतले सगळे कनेक्टर काढले, मॉड्युलर केबल्सही एसएमपीएसच्या बाजूने काढल्या. हिरवी आणि शेजारची काळी एका इन्सुलेटेड वायरच्या तुकड्याने जोडली. यू-पिनने पण होतं, पण उघडा धातू बोटात धरून हे काम का करावं? एक जुना कॅबिनेटचा पंखा लोड म्हणून जोडला, कारण काही एसएमपीएस अगदी रिकामे असले की नीट चालत नाहीत. मग बटण चालू केलं. आतून रिलेचा 'टक्' आवाज आला, पंखा फिरला. पिवळीवर १२.१४, लाल वायरवर ५.०५, नारिंगीवर ३.३४, निळीवर उणे ११.९. मर्यादा अशा: १२ व्होल्टला ११.४० ते १२.६०, ५ ला ४.७५ ते ५.२५, ३.३ ला ३.१४ ते ३.४७. म्हणजे दोन्हीकडे ५ टक्के. फक्त उणे १२ ला १० टक्क्यांची मोकळीक. करड्या वायरवर, म्हणजे ८ नंबरवर, ५ च्या आसपास आले. बाकी व्होल्टेज स्थिरावल्यावर थोड्या विलंबाने एसएमपीएस या वायरवरून 'आता सगळं ठीक' असं कळवतो आणि मगच मदरबोर्ड प्रोसेसरला उठवतो. ही वायर मेली असेल तर बाकी सगळे आकडे छान असूनही मशीन उठत नाही.

एक गोष्ट अनेकांना फसवते. बऱ्याच नव्या एसएमपीएसचा स्वतःचा पंखा कमी लोडवर फिरतच नाही. तो फिरत नाही म्हणून पीस डेड ठरवून परत नेलेले लोक मी नाशिकच्या कॅनडा कॉर्नर भागातल्या दुकानांच्या काउंटरवर पाहिलेत.

एसएमपीएस निर्दोष ठरला. आता मशीनचे भाग एकेक करून जोडायचे. त्याआधी वीज पूर्ण बंद करून मदरबोर्डच्या २४ पिनांच्या सॉकेटवर रेझिस्टन्स मोजला: १२, ५ आणि ३.३ च्या पिना ग्राउंडशी. १२ व्होल्टच्या पिनेवर एक-दोन ओहम दिसले तर शॉर्ट आहेच. ३.३ आणि ५ वर काही दहा ते काही शे ओहम दिसले तर घाबरायचं कारण नाही. इथे शॉर्ट नव्हता. फक्त मोठा कनेक्टर आणि प्रोसेसरचा आठ पिनांचा कनेक्टर लावून बटण दाबलं. या वेळी पंखे थरथरले नाहीत, फिरतच राहिले. शॉर्ट बाहेर राहिलेल्या भागांपैकीच कशात तरी होता.

पण डिस्प्ले आला नाही. बऱ्याच मदरबोर्डच्या कडेला चार बारीक दिवे असतात: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (मेमरी), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट. त्यातला सीपीयूचा लाल पेटून राहिला होता. एसएमपीएस बदलल्यावर पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही, असं झालं की पहिली नजर प्रोसेसरच्या पॉवर कनेक्टरवर टाकायची. तो मदरबोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, कूलर आणि कॅबिनेटच्या छताच्या बेचक्यात असतो आणि तिथे बोटं पोचत नाहीत. चार-चार पिनांचे दोन तुकडे एकत्र धरून लावावे लागतात. इथे एक तुकडा पूर्ण बसला होता आणि दुसरा तिरका, क्लिप अडकलेली नाही. काढून, दोन्ही तुकडे एकमेकांत सरकवून, टॉर्च लावून पुन्हा दाबले. 'कट' आवाज आला आणि डिस्प्ले आला.

याच जागी आणखी एक अनर्थ होऊ शकतो. ग्राफिक्स कार्डची ६+२ पिनांची केबल दिसायला तशीच असते, पण तिच्यातला १२ व्होल्ट आणि ग्राउंडचा क्रम प्रोसेसरच्या केबलच्या बरोबर उलटा असतो. पिनांचे आकार वेगळे ठेवलेत ते म्हणूनच. कनेक्टर जोर लावल्याशिवाय जात नसेल तर तो तिथला नाही.

मग ग्राफिक्स कार्ड जोडलं. ठीक चाललं. मशीन बंद करून साटा केबल, म्हणजे ड्राइव्हना वीज देणारी केबल, एसएमपीएसला जोडली, दुसऱ्या टोकाला एसएसडी आणि हार्ड डिस्क होत्याच. बटण दाबलं, आणि अर्धा सेकंद थरथर. सापडलं.

कॅबिनेटचं मागचं झाकण उघडल्यावर सगळा उलगडा झाला. जुन्या एसएमपीएसच्या साटा केबल्स पाठीमागून झिप-टायने अगदी नेटक्या बांधलेल्या होत्या. त्या सोडायला नकोत म्हणून नवा एसएमपीएस बसवताना त्या तशाच ठेवल्या आणि त्यांचा सहा पिनांचा प्लग नव्या एसएमपीएसमध्ये खोचला. तो बसला, क्लिपही लागली. नव्या एसएमपीएसची स्वतःची साटा केबल खोक्यातल्या पिशवीत सीलबंद पडून होती.

मॉड्युलर एसएमपीएसबद्दल एवढी एक गोष्ट तरी पाठ असावी. केबलचं मशीनकडचं टोक सगळ्या कंपन्यांचं सारखं असतं, कारण ते ठरलेल्या मानकाप्रमाणे बनतं. एसएमपीएसकडच्या टोकाला असं कुठलंच मानक नाही. तिथे कुठल्या पिनेवर १२, कुठल्या पिनेवर ५, कुठे ग्राउंड, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते, आणि एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही ते वेगळं असू शकतं. प्लग मात्र बहुतेक एकाच ठेवणीचे, त्यामुळे ते बऱ्याचदा एकमेकांत बसतात. एसएमपीएस बदलला की केबल्सही सगळ्या बदलायच्या, कितीही कंटाळा आला तरी.

ही केबल मोजूनही दाखवली, कारण नुसतं सांगून लोकांना पटत नाही. ड्राइव्ह काढून ठेवले. एसएमपीएस पुन्हा एकटा, हिरवी-काळी जोडून चालू केला आणि ती जुनी केबल खोचली. साटाच्या कनेक्टरमध्ये बहुधा पाच वायरी येतात. त्यांचा क्रम ठरलेला: एका टोकाला ३.३, मग ग्राउंड, मधोमध ५, मग ग्राउंड, दुसऱ्या टोकाला १२. वायरी काळ्या असल्या तरी मधली वायर ५ व्होल्टचीच असते, हे लक्षात ठेवलं की पुरतं. मीटरचं लाल टोक मधल्या वायरवर ठेवलं: १२.१. टोकाच्या वायरवर, जिथे १२ हवेत तिथे ५.०५. नवी केबल लावून तेच मोजलं तेव्हा मधे ५.०५ आणि टोकाला १२.१. कुठल्याही अनोळखी केबलला ड्राइव्ह जोडण्याआधी हे माप घ्यावं. दोन मिनिटांचं काम आहे.

ड्राइव्हचं काय झालं ते मीटरने आधीच सांगितलं. एसएसडीच्या पॉवरच्या पट्ट्यांवर ५ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये बीप वाजला. हार्ड डिस्कचंही तेच. ५ व्होल्टच्या वाटेवर ड्राइव्ह बनवणारे बहुधा एक संरक्षक डायोड बसवतात, त्याला टीव्हीएस म्हणतात. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की तो स्वतः शॉर्ट होतो आणि पुढचं सर्किट वाचवायचा प्रयत्न करतो. तोच शॉर्ट बघून एसएमपीएस बंद होत होता, म्हणजे दोन्हीकडची सुरक्षा आपापलं काम चोख करत होती. हार्ड डिस्कच्या बोर्डवर, पॉवरच्या सॉकेटजवळच हा डायोड दिसतो. बोर्ड रिपेअर करणाऱ्या कसबी माणसाने तो काढला, शॉर्ट गेला, आणि योग्य केबलवर डिस्क फिरायला लागली. डायोड नसलेली डिस्क कामात ठेवायची नाही. सगळा डेटा दुसरीकडे उतरवून ती बाद करायची, आणि तसंच केलं. एसएसडी उठली नाही, तिच्यावर विंडोज आणि प्रोग्रॅम होते. टॅलीचा रोजचा बॅकअप हार्ड डिस्कवर होता, तो मिळाला. बॅकअप नसता तर एसएसडीला पुन्हा पुन्हा करंट देऊन बघणं हा सगळ्यात वाईट मार्ग. ती तशीच डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्यावी.

नवी एसएसडी, एसएमपीएससोबतची केबल, विंडोज, सगळं झाल्यावर लोड देऊन मोजणं बाकी होतं. रिकामं चालताना आकडे चांगलेच दिसतात, खरी परीक्षा लोडवर. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्हींना एकाच वेळी कामाला लावून अर्धा तास चालू ठेवलं आणि ग्राफिक्स कार्डच्या कनेक्टरवर मागून मोजलं: ११.९८. स्क्रीनवरचं सेन्सरचं सॉफ्टवेअर त्याच वेळी ११.६ दाखवत होतं. अशा वेळी मीटरवर विश्वास ठेवावा. मदरबोर्डवरचे सेन्सर कित्येकदा इतके अचूक नसतात. रिपल, म्हणजे डीसी व्होल्टेजमधली बारीक थरथर, मात्र मीटरवर दिसत नाही, त्याला ऑसिलोस्कोप लागतो.

या मशीनला लोडवर ६५० वॅट इतकी वीज लागते का, बिल वाढेल का, असं ऑफिसातून विचारलं गेलं. ६५० ही देण्याची क्षमता आहे. मशीन १५० वॅट मागत असेल तर एसएमपीएस तेवढेच देतो, वर थोडं त्याचं स्वतःचं नुकसान. उलट स्वस्त पिसावर '४५० वॅट' मोठ्या अक्षरात छापलेलं असतं तेव्हा लेबलवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते बघावं. १४ असतील तर १४ गुणिले १२, म्हणजे १६८ वॅट. आजच्या मशीनचं जवळपास सगळं ओझं त्याच १२ व्होल्टवर असतं.

इथे कामाला पूर्णविराम मिळायला हवा होता, पण यूपीएस बाकी होता. नाशिकला जूनमध्ये दिवसातून अनेकदा वीज डोळा मिचकावून जाते, तेव्हा त्याची परीक्षा न घेता मशीन ताब्यात देण्यात अर्थ नाही. ही परीक्षा प्लग उपटून करू नये, भिंतीवरचं बटण बंद करावं, म्हणजे अर्थ जोडलेला राहतो. बटण बंद केलं. यूपीएस बीप-बीप करू लागला आणि मशीन बंद. पुन्हा चालू केल्यावर विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद दिसली. ती नोंद कारण सांगत नाही, मशीन नीट बंद न होता गेलं एवढंच सांगते. तिच्या तपशिलात बगचेक कोड ० असेल तर ब्लू स्क्रीन न येता वीजच तुटली असा अंदाज बांधता येतो.

ऑफिसातला यूपीएस ६०० व्हीए, म्हणजे ३६० वॅटचा. बॅटरीवर तो सरळ साइन वेव्ह देत नाही, पायऱ्या-पायऱ्यांची देतो. अॅक्टिव्ह पीएफसीवाला एसएमपीएस येणाऱ्या लहरीच्या आकाराबरोबर करंट ओढायला बघतो, आणि लहर एकदम पायरीची झाली की काही एसएमपीएस क्षणभर गोंधळतात किंवा इतका करंट ओढतात की यूपीएसच ओव्हरलोड होतो. बदलताना जाणारे काही मिलिसेकंद एसएमपीएस आपल्या कपॅसिटरवर काढतो, पण पूर्ण लोडवर ती ताकद एका लहरीपेक्षा, म्हणजे २० मिलिसेकंदांपेक्षा बहुधा कमीच असते. जुना एसएमपीएस याच यूपीएसवर चालत होता हे खरं, पण प्रत्येक एसएमपीएसचं पायरीच्या लहरीशी जमतंच असं नाही. आधी यूपीएसवरून लेझर प्रिंटर काढला, तो तिथे मुळात नसावाच. बॅटरी मोजली, ती चांगली होती. तरीही मशीन जातच होतं. प्युअर साइन वेव्हचा १००० व्हीएचा यूपीएस लावला आणि लोड चालू ठेवून भिंतीवरचं बटण लागोपाठ बंद-चालू केलं. मशीन एकदाही हललं नाही.